सारख्याच चुका

आज जरा भांडायचं आहे. ज्यांना भांडण नको असेल त्यांनी मागच्या वेळचं कैरीच्या लोणच्यावरचं वाचावं, ते निरुपद्रवी आहे. पण आमच्या नातेवाइकांपैकी जे इथे गुपचूप वाचून जातात आणि लग्नकार्यात भेटल्यावर "तुमचं वाचलं हं" एवढंच म्हणतात, त्यांनी आज शेवटपर्यंत वाचावं. विषय घरातलाच आहे.

मी ३५ वर्षं शाळेत मराठी शिकवलं. पेपर किती तपासले त्याचा हिशेब नाही, पण त्या कामाने एक गोष्ट पक्की शिकवली. दोन मुलांचं बरोबर उत्तर सारखं निघालं तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. दोघांनी अभ्यास केला असेल. पण 'कानाडोळा करणे' याचा अर्थ दोघांनीही 'कान आणि डोळे तपासून घेणे' असा लिहिला असेल, आणि एक जण दुसऱ्याच्या मागच्या बाकावर बसलेला असेल, तर मग पुरावा शोधायला लागत नाही. बरोबर उत्तर सगळ्यांचं असतं. चूक ज्याची त्याची असते.

हे आठवायचं कारण एक साडी.

गेल्या दिवाळीच्या आधी गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये साड्यांचं प्रदर्शन होतं. माझी भाची घरून साड्या विकते, तिचंही तिथे टेबल होतं. मी एक मलमलची साडी घेतली. मातकट पांढऱ्या रंगावर लाल फुलांचे बुट्टे, तपकिरी रेघेने रेखलेले. चिठ्ठीवर लिहिलं होतं 'हँड ब्लॉक प्रिंट'. किंमत १,८५० रुपये. मला आवडली ती त्या फुलांतल्या गबाळेपणामुळे. एका फुलाचा लाल रंग रेघेबाहेर डावीकडे सरकला होता, दुसऱ्याचा वर गेला होता, तिसरं पुसट होतं. म्हटलं, हाताचं काम आहे, असं होणारच. उलट त्याचंच तर कौतुक.

घरी आल्यावर साडी पलंगावर पसरली आणि दुपारभर बघत बसले. (निवृत्त माणसाला हे जमतं.) बघता बघता मनात काहीतरी खटकलं. डावीकडे सरकलेलं फूल, शेजारी वर गेलेलं, मग पुसट... ही तिकडी मी आत्ताच पाहिली होती. शिवणाची टेप आणली. बरोबर २८ इंचांवर तेच सरकलेलं फूल, तेच वर गेलेलं, तेच पुसट. पुन्हा २८ इंचांवर तेच. साडीभर सात वेळा.

कान आणि डोळे तपासून घेणे!

इथे जाणकार म्हणतील, बाई, ठशाचा टवका उडाला असेल तर ती खोड प्रत्येक फुलात येतेच की. खरं आहे. लाकूड जिथे तुटलं तिथे ते दर वेळी तुटलेलंच उमटणार. पण रंग किती घेतला, हात किती पडला, ठसा केसभर इकडे बसला की तिकडे, हे दर वेळी नवं असतं. हाताला तीच चूक तशीच, त्याच क्रमाने, नेमक्या २८ इंचांवर पुन्हा करता येत नाही. ते फक्त यंत्राला जमतं. माझी नात मुंबईत टेक्स्टाइल डिझाइन शिकते. ती सुट्टीला आली तेव्हा तिने साडी उलटी करून बघितली. उलट बाजू बरीच फिकी होती. म्हणाली, "आजी, ही डिजिटल दिसतेय. आणि चुका मुद्दाम टाकल्यात. हाताचं वाटावं म्हणून."

मुद्दाम! मला हा शब्द दोन दिवस पुरला. आयुष्यभर मुलांनी चुका करू नयेत म्हणून लाल शाई झिजवली, आणि इथे चुका विकायला काढल्या आहेत.

भाचीला फोन केला. ती बिचारी खरंच गोंधळली. "मावशी, मला तसंच सांगितलं." तिला सांगणारा ठोक व्यापारी. त्याला विचारलं तर तोही तेच म्हणेल. त्याला सांगणारा छापखाना म्हणेल, आम्ही तर फाइल आली ती छापली. वर्गात खिडकीची काच फुटली की मी अशीच रांग लावत असे. शेवटच्या मुलापर्यंत गेलं तरी काच कोणीच फोडलेली नसे.

आता घरच्यांचं म्हणणं. आमच्याकडे यावर तीन मतं पडली आणि तिन्हींचा शेवट "काय फरक पडतो?" या एकाच प्रश्नात झाला. दिसायला छान आहे ना? पैसे परवडले ना? मग? थोरल्या जाऊबाई तर म्हणाल्या, "साडी नेसून पंगतीत बसायचंय की कोर्टात उभं राहायचंय?"

तर फरक काय पडतो ते सांगते.

आधी कामाचा फरक. लाकडी ठशाने छापायचं म्हणजे फुलाच्या रेघेचा ठसा वेगळा, आत भरायच्या लाल रंगाचा वेगळा, पानाच्या हिरव्याचा तिसरा. साडेपाच मीटर साडीची लांबी साधारण २१६ इंच, पन्हा ४५ इंच. चार इंची ठसा धरला तर लांबीत ५४ आणि रुंदीत ११, म्हणजे एका रंगासाठी जवळजवळ ६०० वेळा ठसा रंगात बुडवायचा, नेमक्या जागी टेकवायचा आणि मुठीने ठोकायचा. तीन रंग म्हणजे १,८०० वेळा. यात रंग बनवणं, कापड धुणं, वाळवणं धरलेलं नाही. एवढे ठोके मारून ज्याचं मनगट दुखतं, त्याच्या वस्तूचं नाव आणि किंमत न दुखलेल्या मनगटाला द्यायची, हा पहिला फरक.

दुसरा फरक बाजाराचा. खोटी 'हँड ब्लॉक' १,८५० ला मिळते म्हटल्यावर खरी ४,००० ला कोण घेईल? आपण म्हणतो, "अहो, तिकडे याच्या निम्म्यात मिळते." मिळते, पण 'ही' मिळत नाही. खऱ्याला खोट्याच्या भावात विकायला लावायचं, आणि पुढची पिढी या धंद्यात राहिली नाही की 'आपल्या कला लोप पावत आहेत' म्हणून हळहळायचं. हळहळ फुकट असते, म्हणून तिला गिऱ्हाईक फार.

तिसरा फरक मला सर्वांत मोठा वाटतो. हाताच्या चुकांना आपण प्रेमाने बघतो, कारण चुकीमागे माणूस आहे असं आपण धरून चालतो. माझंही तेच झालं होतं. त्या सरकलेल्या लाल रंगावर मी दुपारभर जीव टाकला, मनात कोणी एक छापणारा उभा केला, त्याचा थकलेला हात उभा केला. तो माणूस नव्हताच. फसवलं ते १,८५० रुपयांना नाही. फसवलं ते इथे.

आता उलट बाजू. कारण हे एवढंच लिहून थांबले तर 'हाताचं तेवढं पवित्र, यंत्राचं तेवढं पाप' म्हणणाऱ्या भगिनी मला आपल्यात ओढतील, आणि मला तिथे जायचं नाही. (यातल्या बऱ्याच जणी खऱ्या ठशाच्या दुपट्ट्यासाठीसुद्धा कारागिराशी २०० रुपयांची घासाघीस करताना मी पाहिल्या आहेत.) मी स्वतः नोकरीभर गिरणीच्या छापील वॉइल नेसले. धुवायला सोप्या, इस्त्री नसली तरी चालणाऱ्या, मास्तरणीला परवडणाऱ्या. त्यांच्यावर कोणी 'हाताने छापलेली' असं लिहिलं नव्हतं आणि म्हणून त्यांनी मला कधी फसवलं नाही.

शिवाय माझी एक चूक कबूल करायची आहे. सारखी नाही, माझी स्वतःची.

नात पहिल्यांदा संगणकावर नक्षी करताना मी पाहिली तेव्हा तिला म्हटलं होतं, "ही तर कॉपीच." पाटीसारख्या काचेवर ती एक फूल काढायची, बोटाने ओढलं की त्याची दहा फुलं व्हायची. मला ते परीक्षेत पुस्तक उघडून बसल्यासारखं वाटलं. आमच्या वेळी कार्यानुभवाच्या तासाला ठसेकाम असे. शाळेत चित्रकलेचे सर रजेवर गेले की तो तास माझ्याकडे यायचा. अर्धी कापलेली भेंडी, बटाट्यात कोरलेला तारा, कारल्याच्या चकत्या, जास्वंदीचं पान. ताटलीत पोस्टर कलर, त्यात रंगाने भिजवलेलं फडकं, आणि वर्गभर गोंधळ. पाचवीतल्या मुलाला पहिल्यांदा कळायचं की भेंडीच्या पोटात फूल असतं. मग दुसरी गोष्ट कळायची, जी जास्त अवघड: एक फूल सुंदर उमटणं सोपं, त्याच्या शेजारचं बसवणं कठीण. मधली मोकळी जागासुद्धा एक आकार असते. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या ग्रेड परीक्षेत संकल्पचित्र काढताना मुलं जिथे अडायची ते हेच, जोड.

ठशाचं हे काम आपल्याकडे काही शाळेपुरतं नव्हतं. रंगारी-भावसार घरांचा कापड रंगवणं, छापणं हा पिढीजात धंदा. माझ्या आजीची खडीची चंद्रकळा मला आठवते: काळ्या कापडावर डिंकात कालवलेली चमकती पूड ठशाने उठवलेली. धुण्याने ती झिजत गेली. शेवटी शेवटी आकाशात ढग आल्यासारखी, चांदण्या कुठे आहेत कुठे नाहीत. त्या चंद्रकळेची पुढे गोधडी झाली.

तर नातीला मी हे सगळं ऐकवलं आणि म्हटलं, आधी हाताने छापून दाखव. वाटलं होतं, कंटाळेल. तिने मुकाट्याने भेंडी कापली. मग आमच्या ओळखीच्यांच्या मळ्यातून द्राक्षवेलीची पानं आणली, त्यांच्या शिरांवर रंग लावून जुन्या वर्तमानपत्रांवर छापली. चार दिवस घरात चालायला जागा नव्हती. दीडशेच्या वर ठसे झाले असतील. त्यातून तिने सहा निवडले, एक गडद, एक पुसट, एक अर्धवट, एक जरा फिरलेला... ते स्कॅन केले आणि मग संगणकावर मांडायला घेतले.

तेव्हा मी शेजारी खुर्ची टाकून बसले आणि माझे डोळे उघडले. जे आमची पाचवीची मुलं खोडरबराने कागद फाडून करायची तेच ती करत होती. पान इकडे सरकव, मधली जागा बघ, ओळ फार सरळ झाली, दुसरी ओळ अर्ध्यावर खाली घे म्हणजे डोळा रांगेत अडकत नाही. काठाला पान कापलं गेलं तर त्याचा उरलेला भाग समोरच्या काठाला यायला हवा, नाहीतर जोड दिसते. आमच्या वेळी एक मांडणी बदलायला आठवडा गेला असता, तिने संध्याकाळपर्यंत अकरा मांडण्या केल्या आणि दहा टाकून दिल्या. टाकून देता येणं हे मोठं सुख आहे. आम्हाला परवडत नव्हतं म्हणून आम्ही पहिलीलाच चांगली म्हणायचो.

छपाईचंही तिने समजावलं. कागदावर शाईचे थेंब उडवणारा प्रिंटर असतो तसाच कापडाचा. सुतीला वेगळी शाई, रेशमाला वेगळी, पॉलिस्टरला वेगळी. सुती कापडाला आधी लेप द्यायचा, छापल्यावर वाफ द्यायची म्हणजे रंग धाग्याला धरतो, मग धुवायचं. प्रत्येक रंगाची जाळी किंवा ठसा बनवायचा खर्च नाही, त्यामुळे दोन मीटरसुद्धा छापून मिळतं. आमच्या काळी विद्यार्थिनीची नक्षी विद्यार्थिनीच्या वहीतच मरायची. आज ती कापडावर येऊ शकते. याला मी पाप कशी म्हणू?

आणि नक्षी काढणारा एक, ती कापडावर उतरवणारा दुसरा, हेही काही नवं नाही. सरकारने १९५० च्या दशकात विणकर सेवा केंद्रं काढली तेव्हा चांगले चांगले चित्रकार तिथे नोकरीला होते. 'कोरा कॅनव्हास' लिहिणारे प्रभाकर बरवे त्यांतलेच, आधी बनारसला आणि मग मुंबईला. चित्रकाराने कागदावर काढायचं, कारागिराने ते कापडाच्या भाषेत आणायचं. इथे येवल्यातही विणकरासमोर आलेखाच्या कागदावरची नक्षी असते, आणि तो आलेख हल्ली संगणकावरही काढतात. पैठणी त्याने खोटी होत नाही.

म्हणजे भांडण संगणकाशी नाही. मग कशाशी?

नातीची पहिली २० स्टोलं छापून आली तेव्हा तिने प्रत्येकाला चिठ्ठी लावली: 'द्राक्षपानाचे हाताने घेतलेले ठसे, संगणकावर मांडणी, डिजिटल छपाई.' एका दुकानदाराने सगळी घ्यायची तयारी दाखवली. अट एकच. चिठ्ठी काढा, 'हँड प्रिंटेड' लिहा, जास्त पैसे देतो. ठसे हाताचेच आहेत ना, मग खोटं काय त्यात? तिने विचार करायला एक रात्र मागितली. त्या रात्री ती आणि मी दोघी जाग्या होत्या. मी काही बोलले नाही, कारण पैसे तिचे होते, कर्ज काढून फी भरणारा बाप तिचा होता. सकाळी तिने दुकानदाराला नाही म्हणून कळवलं. २० पैकी सात गेली. तेरा आमच्या कपाटात आहेत. ज्यांना "काय फरक पडतो" असं वाटतं त्यांनी कपाट बघायला यावं, चहा देईन.

नक्कल काही आजची नाही, हेही सांगायला हवं. १८६६ मध्ये फोर्ब्स वॉटसन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने भारतातल्या कापडांचे ७०० नमुने कापून १८ जाड खंडांत डकवले आणि त्यांचे संच विलायतेतल्या कापड-गावांत ठेवले. कशाला? तिथल्या गिरणीवाल्यांनी पाहून हिंदी गिऱ्हाइकाला आवडेल असं कापड काढावं म्हणून. लुगडी, पागोटी, छिटं, सगळं त्यात. आज मोबाइलवर फोटो काढतात तेव्हा मला हे खंड आठवतात. काम तेच, फक्त कात्री लागत नाही. आणि नाव कसं जातं तेही बघा. काश्मिरी शालीवरच्या कोयरीची नक्कल स्कॉटलंडमधल्या पेस्ली नावाच्या गावात मागांवर होऊ लागली, आणि आज माझी नातसुद्धा कोयरीला 'पेस्ली' म्हणते! नक्कल करणाऱ्या गावाचं नाव राहिलं, कोयरी आमच्या हळदीकुंकवाच्या तबकात उरली.

२०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटलीतल्या कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर केवढा गदारोळ झाला होता! आपली संस्कृती, आपले कारागीर, गोऱ्यांची चोरी. मीही दोन तिखट निरोप टाकले. कंपनीने पुढे भारतीय हस्तकलेतून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं, आपण जिंकल्यासारखे झोपलो. त्याच ग्रुपवर पंधरा दिवसांनी एका लग्नाच्या आहेराचा फोटो आला. आलेल्या प्रत्येक बाईला 'पैठणी'. पॉलिस्टरवर छापलेले मोर. खाली पंचवीस जणींनी हात जोडलेले.

परदेशी कंपनीने केलं की चोरी, आणि आपण केलं की आहेर?

येवलं नाशिकपासून ८०-८५ किलोमीटर. निफाड, विंचूर करत दोन तासांत जाता येतं. या जानेवारीत नातीला घेऊन गेले होते. एका विणकराच्या घरी पुढच्या खोलीतच माग. पदरावर मोर चढत होता. प्रत्येक रंगाच्या धाग्याची वेगळी छोटी कांडी, शेजारचा रंग आला की धागा धाग्यात अडकवायचा आणि मागे फिरायचं. म्हणून खऱ्या पैठणीचा पदर उलटा केला तरी मोर तसाच स्वच्छ दिसतो, मागे लोंबणारे धागे नसतात. दिवसभर बसून बोटं-दोन बोटं काम पुढे सरकतं. मी सवयीने मोबाइल काढला. विणकराची बायको अजीजीने म्हणाली, "ताई, फोटो नका काढू. मागं एकीनं काढला, आणि पुढच्या सणाला आमचा पदर छापून बाजारात आला. आमचा पदर अजून मागावरच होता."

मी मोबाइल पर्समध्ये ठेवला. यापूर्वी मी असे किती फोटो काढले असतील आणि कौतुकाने कुठे कुठे पाठवले असतील, हे परत येताना विंचूरपर्यंत मोजत होते.

पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या भागातली, ज्या पद्धतीची वस्तू, तिलाच ते नाव. रेशमासाठी २००४ पासून सिल्क मार्क आहे, हातमागासाठी २००६ पासून हँडलूम मार्क. पण इथे एक गंमत लक्षात ठेवा. हँडलूम मार्क विणकामाची खात्री देतो, छपाईची नाही. कापड हातमागाचं आणि वरची नक्षी यंत्राने छापलेली, असं असू शकतं. खूण खरी असते, आपली समजूत खोटी ठरते. बाकी वस्तूचं खोटं वर्णन करून ती विकणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणजे जाऊबाई, कोर्टातही उभं राहता येतं हं! पण १,८५० रुपयांसाठी कोणी जात नाही, हे विकणाऱ्याला माहीत असतं. म्हणून हे आपल्यालाच दुकानात करायला हवं.

माझं म्हणणं एवढंच आहे. गोळ्यांच्या पाकिटावर काय घातलं ते लिहितात, बिस्किटावर लिहितात. साडीवर तीन ओळी लिहा. कापड कोणत्या मागाचं. नक्षी कोणाची. छपाई कशाची: ठशाची, जाळीची की डिजिटल. तीन ओळींनी कोणाचं दुकान बुडत नाही. बुडणारच असेल तर ते खोट्यावर उभं होतं. डिजिटल छापणाऱ्याने छाती पुढे काढून 'डिजिटल' लिहावं. नक्षी चांगली असेल तर त्याला दुसऱ्याच्या थकलेल्या हाताचं नाव उसनं घ्यायची गरज नाही. आणि आपण घेणाऱ्यांनी विचारावं. उत्तर आलं, "आम्हाला तसंच सांगितलं," तर साडी घडी घालून परत ठेवावी. दहा जणींनी ठेवली की अकरावीला नीट सांगतील.

शाळांनाही एक सांगणं. मुलांच्या हाती टॅबलेट द्या, जरूर द्या. पण त्याआधी एक तास भेंडी द्या. ज्याने एकदा स्वतःच्या हाताने रंग रेघेबाहेर घालवला आहे, त्याला दुसऱ्याच्या चुकीची किंमत कळते. तो चुका विकत घ्यायला जाणार नाही आणि विकणारही नाही.

हे सगळं इथे टाकण्याआधी भाचीला फोनवर वाचून दाखवलं. तिचा विषय आहे, तिला न विचारता लिहिणं बरं दिसलं नसतं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मावशी, माझ्याकडे अजून ४० साड्या पडल्यात, त्यांचं काय करू?" मी म्हटलं, चिठ्ठ्या बदल. ती म्हणाली, नुकसान होईल. मी म्हटलं, होईल. नातीचंही झालं. फोन ठेवला तेव्हा ती रागावली आहे की नाही, मला कळलं नाही. आठ दिवसांनी तिचा निरोप आला. ग्राहकांच्या यादीला पाठवलेला फोटो, त्याच लाल फुलांच्या साड्यांचा, खाली लिहिलेलं: 'सुती मलमल. डिजिटल छपाई. आधी चुकून हँड ब्लॉक लिहिलं होतं, माफ करा.' किंमत १,१००. मला वेगळा एकच निरोप: 'मावशी, तुझे ७५० परत करू का?'

नको म्हटलं. चुकून लिहिलेलं खोडून खाली बरोबर लिहिणाऱ्या मुलाचे मी कधीच मार्क कापले नाहीत.

साडी मी नेसते. परवा हळदीकुंकवाला नेसले होते. एकीने पदर हातात घेऊन विचारलं, "अय्या, हँड ब्लॉक का?" म्हटलं, "नाही हो, डिजिटल आहे. छान आहे ना?"

असो. तेरा स्टोलं शिल्लक आहेत.